देवाला काय अशक्य? : पॅरिसमधला १२७७ चा निवाडा

७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने एक आदेश जाहीर केला. आदेशासोबत २१९ विधानांची यादी होती. ही विधाने जो शिकवील, त्यांची बाजू घेईल किंवा ती नुसती ऐकूनही घेईल, तो धर्मबहिष्कृत होईल. सात दिवसांच्या आत जो आपणहून बिशपकडे किंवा कुलपतीकडे येऊन सांगेल त्याचीच यातून सुटका, असे त्यात बजावले होते. यादी वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. तिच्यातल्या पुष्कळ विधानांचा रोख ‘देवाला हे करता येत नाही’ असा आहे. देव नवे काही घडवू शकत नाही, एकाहून अधिक विश्वे निर्माण करू शकत नाही, आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही. हे म्हणणारे लोक नास्तिक नव्हते. त्यांच्या युक्तिवादाचा पायाच मुळी श्रद्धेतला होता: देव पूर्ण आहे, म्हणून तो बदलत नाही, बदलत नाही, म्हणून तो जे करतो त्याहून वेगळे काही करू शकत नाही. ख्रिस्ती धर्माने देवाविषयी सांगितलेल्या दोन गोष्टी, तो अविकारी आहे आणि तो सर्वसमर्थ आहे, इथे एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. हा पेच कसा तयार झाला, पॅरिसमध्ये तो कसा फुटला आणि त्यातून काय निघाले, याचा हा मागोवा आहे. त्यातून एक निष्कर्ष मला ठामपणे मांडता येईल असे वाटते. ही दोन विशेषणे परस्परांची शत्रू नाहीत. त्यांतले एकच हाती धरून दुसरे सोडले, की ख्रिस्ती माणूस ज्याची प्रार्थना करतो तो देव उरत नाही.

पेचाचे मूळ बायबलमध्येच आहे. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर स्वतः सांगतो की आपण बदलत नाही; याकोबाच्या पत्रात त्याच्या ठायी फेरबदलाची छायाही नसल्याचे म्हटले आहे. पण उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयापूर्वी मनुष्याला निर्माण केल्याचे त्याला वाईट वाटते, आणि निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप करताच तो ठरवलेला नाश टाळतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तर एकाच अध्यायात दोन्ही सूर आहेत: शौलाला राजा केल्याचा देवाला खेद होतो, आणि देव माणसासारखा पस्तावत नाही असेही तिथेच सांगितले जाते. सामर्थ्याबाबतही तेच. देवाला सर्व काही शक्य आहे असे येशू शिष्यांना सांगतो. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एक गोष्ट देवाला अशक्य म्हटली आहे, ती म्हणजे स्वतःला नाकारणे. बायबल ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवते आणि पुढे जाते. त्यांची संगती लावण्याचे काम नंतरच्या पिढ्यांवर पडले.

पहिला मोठा निर्णय ३२५ साली निकेया इथे झाला. आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या मते पुत्र हा पित्याने निर्माण केलेला होता, आणि जे निर्माण झाले ते बदलू शकते. निकेयाच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले, आणि पुत्र बदलणारा किंवा विकार पावणारा आहे असे म्हणणाऱ्यांचा शेवटी स्पष्ट निषेध केला. देवपणाची खूण म्हणून अविकारीपण इथे पक्के झाले. त्याच विश्वासांगीकाराची सुरुवात मात्र सर्वसमर्थ पित्यावरच्या विश्वासाने होते. पुढे शतकाच्या आत ऑगस्टीनने या दोहोंना जोडणारा धागा दाखवला. देव मरू शकत नाही, फसू शकत नाही. यामुळे त्याचे सामर्थ्य कमी होत नाही, कारण मरणे आणि फसणे हे सामर्थ्याचे नव्हे तर दुबळेपणाचे प्रकार आहेत. जे करता येणे हीच उणीव आहे ते करता न येणे ही उणीव कशी म्हणायची? या एका विचारावर पुढची आठ शतके पाश्चात्त्य ख्रिस्ती चिंतन उभे राहिले.

त्याची कसोटी लागली ती अकराव्या शतकात, इटलीतल्या माँते कासीनोच्या मठात, जेवणाच्या मेजावर. पेत्रुस दामियानी हा राव्हेन्नाचा पोरका मुलगा. लहानपणी भावाची डुकरे राखलेला, पुढे फोन्ते आव्हेल्लानाचा कडक व्रतस्थ एकांतवासी आणि मनाविरुद्ध झालेला कार्डिनल. मठाधिपती देसिदेरियुस आणि तो जेवायला बसले असता संत जेरोमच्या एका पत्राचा विषय निघाला. एउस्तोखियुम या तरुणीला ३८४ साली लिहिलेल्या त्या पत्रात जेरोमने म्हटले होते की देव सर्व काही करू शकतो, पण कौमार्य गमावलेल्या स्त्रीला पुन्हा कुमारी करू शकत नाही. दामियानीला हे कधीच पटले नव्हते. देसिदेरियुसने जेरोमची बाजू घेतली: देवाची तशी इच्छा नाही, म्हणून त्याला ते करता येत नाही. दामियानीने १०६५ च्या सुमारास मठाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यावर नेमके बोट ठेवले. इच्छा नाही म्हणून करता येत नाही असे म्हटले, तर देव जे करत नाही ते सारेच त्याला अशक्य ठरेल. मग सामर्थ्य म्हणजे फक्त घडून गेलेल्या गोष्टींची यादी. तिथून तो त्याहून अवघड प्रश्नाकडे वळला. रोम वसले; ते कधी वसलेच नव्हते असे देव करू शकेल का? दामियानीने उत्तर देवाच्या अविकारीपणातच शोधले. देवाला भूत आणि भविष्य नाही, सारा काळ त्याच्यापुढे एकाच वर्तमानात आहे, म्हणून काळ सरला तरी त्याचे सामर्थ्य ओसरत नाही. काल जे त्याच्या हातात होते ते आजही आहे. न बदलणे हे सामर्थ्यावरचे बंधन नसून सामर्थ्याचा आधार आहे, हा विचार इथे प्रथम इतक्या जोरकसपणे मांडला गेला.

पुढच्या शतकात पीटर आबेलारने नेमकी उलट वाट धरली. देव सर्वोत्तम आहे, तो नेहमी उत्तम तेच करतो; तेव्हा तो जे करतो त्याहून वेगळे करणे म्हणजे कमी चांगले करणे, आणि ते त्याला शक्य नाही. तर्क बिनतोड वाटतो, पण त्याचा शेवट असा होतो की जग जसे आहे तसेच असणे भाग होते. क्लेअर्व्होच्या बर्नार्डने आबेलारविरुद्ध उठवलेल्या आरोपांत हेही विधान होते, आणि ११४१ च्या सुमारास साँसच्या धर्मसभेत ते निषिद्ध ठरले. पीटर लाँबार्डने आपल्या ‘सेंटेन्सेस’ या ग्रंथात आबेलारचा हा मुद्दा खोडून काढला, आणि हा ग्रंथ पुढे शतकानुशतके धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम झाल्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला हा वाद ओलांडूनच पुढे जावे लागले. १२१५ साली लॅटरन इथल्या चौथ्या परिषदेने आपल्या पहिल्याच ठरावात देवाला अविकारी आणि सर्वसमर्थ अशी दोन्ही विशेषणे एका दमात लावली. दोन्ही मानायचे हे ठरले. एकत्र कसे मानायचे हे ठरले नाही.

त्याच काळात पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटल येऊन पोचला. त्याचे निसर्गावरचे आणि तत्त्वमीमांसेवरचे ग्रंथ ग्रीक व अरबीतून लॅटिनमध्ये येत होते, आणि त्यांच्यासोबत इब्न सीना आणि कोर्दोबाचा इब्न रुश्द यांची भाष्येही. चर्चने आधी दारे लावून पाहिली. १२१० आणि १२१५ साली पॅरिसमध्ये या ग्रंथांच्या अध्यापनाला बंदी झाली. १२३१ साली पोप नववा ग्रेगरी याने ग्रंथ तपासून, शुद्ध करून मग वापरावेत असे सांगितले. पण १२५५ पर्यंत पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने ॲरिस्टॉटलचे जवळजवळ सारे ग्रंथ अभ्यासक्रमात लावून टाकले होते. सेन नदीच्या डाव्या तीरावर रू द्यू फुआर नावाची गल्ली आहे. नावाचा अर्थ पेंढ्याची गल्ली. तिथल्या शाळांत जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर बसून मुले धडे घेत. त्या पेंढ्यावर बसलेल्या पोरांना ॲरिस्टॉटलच्या भौतिकीतून एक देव भेटत होता: स्वतः न हलता सर्व आकाशगोलांना हलवणारा आद्यचालक. हा देव पूर्णपणे अविकारी होता. आणि म्हणूनच त्याने कधी जग सुरू केले असे म्हणता येत नव्हते. एखादे कारण जर पुरेसे असेल आणि ते बदलत नसेल, तर त्याचे कार्यही नेहमीच असले पाहिजे. ‘आधी जग नव्हते, मग झाले’ असे म्हटले की कारणातच काही बदलले असे मानावे लागते. म्हणून जग अनादी. सिजे द ब्राबाँ आणि डेन्मार्कचा बोएथियस हे कला शाखेतले अध्यापक या युक्तिवादांचा बारकाईने ऊहापोह करत. श्रद्धेचे म्हणणेच सत्य, असेही ते नोंदवत. पण निसर्गाचा अभ्यासक आपल्या तत्त्वांना धरून चालला तर तो जगाच्या आरंभापर्यंत पोचू शकत नाही, असा बोएथियसचा निर्वाळा होता.

या वादात सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते डोमिनिकन संन्यासी थॉमस अक्वायनसने. त्याने ॲरिस्टॉटलला हाकलले नाही आणि त्याच्यापुढे मानही तुकवली नाही. देव अविकारी आहे हे त्याने पूर्ण मान्य केले: ज्याच्यात काहीही अपुरे नाही, त्याला मिळवायचे किंवा गमवायचे काही नसते. पण अविकारी कारण म्हणजे यंत्रासारखे कारण, हे त्याने नाकारले. देव इच्छेने करतो, आणि इच्छा न बदलता परिणाम केव्हा व्हावा हे इच्छेतच ठरलेले असू शकते. वैद्य आजच ठरवतो की रोग्याला तिसऱ्या दिवशी काढा द्यायचा. तिसऱ्या दिवशी काढा दिला म्हणून वैद्याचे मत बदलले असे कोणी म्हणत नाही. देवाने अनादी काळापासून असे इच्छिले असेल की जगाला आरंभ असावा, तर जग नवे असूनही देव जुनाच राहतो. सामर्थ्याची व्याख्याही त्याने स्पष्ट केली. ज्यात आत्मविरोध नाही ते सारे देवाला शक्य आहे. चौकोनी वर्तुळ ही देवाला न जमणारी वस्तू नव्हे; ती वस्तूच नाही, नुसती शब्दांची जुळणी आहे. या मापाने त्याने माँते कासीनोचा जुना प्रश्नही निकालात काढला: पतित स्त्रीचे मन आणि शरीर देव पूर्ववत करू शकतो, पण जे घडले ते घडलेच नव्हते असे करणे म्हणजे आत्मविरोध. थॉमसने इथे दामियानीपेक्षा जेरोमला जवळ केले. तरीही देव आपल्या इच्छेच्या पलीकडेही समर्थ आहे, हा दामियानीचा मूळ मुद्दा त्याने राखला.

वातावरण मात्र शांत विचाराचे राहिले नव्हते. डिसेंबर १२७० मध्ये तांपिएने तेरा विधाने निषिद्ध ठरवली. जग अनादी आहे हे त्यांत होते, आणि मर्त्य वस्तूला देव अमरत्व देऊ शकत नाही हेही. दुसऱ्या विधानात पुनरुत्थानाची आशाच पणाला लागली होती. थॉमस १२७२ साली पॅरिसमधून गेला आणि ७ मार्च १२७४ रोजी, लिआँच्या परिषदेकडे निघाला असता, फोस्सानोव्हाच्या मठात वारला. नोव्हेंबर १२७६ मध्ये धर्मचौकशी अधिकारी सिमाँ द्यू व्हाल याने सिजेला हजर राहण्याचे समन्स काढले. जानेवारी १२७७ मध्ये पोप एकविसावा जॉन याने तांपिएला पत्र पाठवून पॅरिसमध्ये कोणत्या चुका, कोणाकडून आणि कुठे पसरत आहेत याची चौकशी करायला सांगितले. तांपिएने सोळा धर्मशास्त्रज्ञांची समिती बसवली. गेंटचा हेन्री तिच्यात होता. काही आठवड्यांत यादी तयार झाली आणि पोपला कळवण्याऐवजी बिशपने थेट निवाडाच दिला. दिवस थॉमसच्या तिसऱ्या स्मृतिदिनाचा होता. अकरा दिवसांनी कँटरबरीचा आर्चबिशप रॉबर्ट किलवर्डबी याने ऑक्सफर्डमध्ये तीस विधानांवर बंदी घातली.

यादीतले एक विधान जवळून पाहण्यासारखे आहे, कारण साऱ्या वादाचा गाभा त्यात आहे. देव कोणत्याही वस्तूला आता हलवतो त्याहून वेगळ्या रीतीने हलवू शकत नाही, कारण त्याच्या इच्छेत विविधता नाही, असा त्याचा आशय आहे. पहिला भाग सामर्थ्याविषयी, दुसरा अविकारीपणाविषयी, आणि दोहोंमध्ये एक ‘कारण’. तांपिएने देवाची इच्छा बदलते असे म्हटले नाही. त्याने तो जोडणारा दुवा तोडला. इच्छा एकच आणि अचल असणे वेगळे. ती याच गोष्टीची असणे भाग होते, असे म्हणणे वेगळे. जे अचल आहे ते अपरिहार्यच असले पाहिजे, ही समजूत या निवाड्याने नाकारली. इतर विधानेही याच साच्यातली आहेत. आद्यकारणाला अनेक विश्वे निर्माण करता येत नाहीत. मागे पोकळी राहील म्हणून देवाला आकाश सरळ रेषेत सरकवता येत नाही. आधाराशिवाय गुणधर्म टिकवून ठेवता येत नाहीत, ज्यामुळे पवित्र भाकरीविषयीची शिकवणच अडचणीत येते. ॲरिस्टॉटलचे निसर्गाचे नियम हे देवाचेही नियम ठरत होते, आणि चर्चने त्याला नकार दिला.

यावर सरळ आक्षेप असा, की ही विचारांची गळचेपी होती; तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. यादी घाईने केलेली आहे, तिच्यात पुनरुक्ती आहे, कोणत्या अध्यापकाचे कोणते वाक्य हे सांगितलेले नाही, कोणालाही बाजू मांडू दिलेली नाही. प्रस्तावनेत अध्यापकांवर आरोप केला तो असा, की जणू श्रद्धेचे एक आणि तत्त्वज्ञानाचे एक अशी दोन परस्परविरोधी सत्ये असल्यासारखे ते बोलतात. पण हे मत त्या शब्दांत मांडणारा कोणी त्यांच्या ग्रंथांत सापडत नाही. थॉमसच्या मतांना भिडणारी विधानेही यादीत अडकली. त्याला १३२३ साली संतपद मिळाले, तेव्हा १३२५ मध्ये पॅरिसच्या बिशपलाच थॉमसपुरता हा निवाडा मागे घ्यावा लागला. सिजेचा शेवट त्याहून दुःखद झाला. इटलीतल्या ओर्व्हिएतोमध्ये स्वतःच्याच लेखनिकाच्या हातून तो मारला गेला, असे समकालीन वृत्तान्त सांगतात. दान्तेने पुढे त्याला स्वर्गात, थॉमसच्याच शेजारी बसवले. निवाड्याची पद्धत अन्यायाची होती हे मान्य करूनही एवढे उरते, की निवाडा ज्या प्रश्नावर होता तो खरा होता. जो देव वेगळे काहीच करू शकत नाही त्याचे आभार कसे मानायचे, त्याच्याकडे मागायचे काय? सूर्य उगवतो तसे जर जग देवातून आपोआप बाहेर पडत असेल, तर निर्मिती ही देणगी राहत नाही.

निवाड्यानंतर धोका दुसऱ्या बाजूने आला. तेराव्या शतकाच्या आरंभापासूनच धर्मशास्त्रज्ञ देवाच्या सामर्थ्याचा दोन अंगांनी विचार करत होते: निरपेक्ष सामर्थ्य, म्हणजे आत्मविरोध सोडून जे जे शक्य ते सारे, आणि नियोजित सामर्थ्य, म्हणजे त्यातून देवाने निवडून प्रत्यक्षात आणलेली व्यवस्था. १२७७ नंतर या भेदाला मोठे बळ मिळाले. डन्स स्कोटसने कायद्याची भाषा वापरली: कायदा करणारा कायद्याच्या बाहेर जाऊन नवा कायदा करू शकतो. हे वाचणाऱ्याला भीती वाटणे साहजिक आहे. जो देव उद्या सगळे उलटवू शकतो त्याच्यावर विसंबायचे कसे? चौदाव्या शतकात रॉबर्ट होलकॉटसारखे अभ्यासक देव माणसाला फसवूही शकेल का, इथपर्यंत गेले. विल्यम ऑफ ऑकमने मात्र स्पष्ट केले की ही दोन सामर्थ्ये नव्हेत. देव कधी नियमाने आणि कधी नियमाबाहेर वागतो असे नाही, तो जे करतो ते नियोजितच करतो. निरपेक्ष सामर्थ्य एवढेच सांगते की ही व्यवस्था त्याच्यावर कोणी लादलेली नाही. ऑकमच्या परंपरेत पंधराव्या शतकातल्या गाब्रिएल बीलपर्यंत यातून करारनिष्ठ देवाची कल्पना पक्की होत गेली: ज्याला कोणी बांधू शकत नाही त्याने स्वतःच्या वचनाने स्वतःला बांधून घेतले आहे. एर्फुर्टमध्ये बीलचे ग्रंथ वाचून वाढलेल्या मार्टिन लूथरने त्या परंपरेच्या कृपाविषयक मतांशी कडवे भांडण मांडले, पण देवाच्या वचनाला घट्ट धरायचे हा आग्रह त्याने सोडला नाही. दामियानीने ज्याला सामर्थ्याचा आधार म्हटले ते अविकारीपण इथे वचन न मोडण्याच्या रूपात पुन्हा दिसते.

निवाड्याचा परिणाम धर्मशास्त्रापुरता राहिला नाही. ॲरिस्टॉटलने अशक्य ठरवलेल्या गोष्टी निदान कल्पनेत तपासून पाहण्याची मुभा, किंबहुना गरज, निर्माण झाली. जाँ ब्युरिदाँने पॅरिसचे हे निषिद्ध लेख समोर ठेवून पोकळीचा आणि गतीचा विचार केला. निकोल ओरेमने १३७७ मध्ये फ्रान्सच्या राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात अनेक विश्वे देवाला अशक्य नाहीत असे दाखवले, आणि पृथ्वी रोज स्वतःभोवती फिरत नाही हे अनुभवाने किंवा तर्काने सिद्ध करता येत नाही असेही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच इतिहासकार पिएर द्युएमने यावरून १२७७ हे आधुनिक विज्ञानाचे जन्मवर्ष ठरवले. हा दावा फार ताणलेला आहे. ओरेमने शेवटी विश्व एकच आहे आणि पृथ्वी स्थिर आहे असेच मानले, आणि बिशपच्या बंदीहुकुमातून प्रयोगशाळा निघत नाही. पण एक गोष्ट टिकते. जग वेगळेही असू शकले असते असे मानले, की ते कसे आहे हे केवळ विचाराने ठरत नाही, पाहावे लागते.

शेवटचा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप भाविकाचा आहे. जो बदलत नाही तो प्रेम कसे करील, प्रार्थना कशी ऐकील? थॉमसचे उत्तर असे, की प्रार्थना देवाचे मन वळवण्यासाठी नसते. जे प्रार्थनेद्वारेच द्यायचे देवाने ठरवले आहे ते मिळण्यासाठी ती असते. निनवे शहर पालटले, म्हणून त्याच न्यायी आणि दयाळू इच्छेचे फळ त्याच्यासाठी पालटले. काहींना हे उत्तर थंड वाटते, आणि दुःखात असलेल्या माणसाला ते थंड वाटणे मी समजू शकतो. पण पर्याय काय, हेही पाहिले पाहिजे. जे प्रेम प्रसंगानुसार वाढते ते प्रसंगानुसार आटूही शकते. ख्रिस्ती शिकवणीने देवाचे दुःख नाकारले नाही. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने येशूच्या एकाच व्यक्तीत देवत्व आणि मानवत्व दोन्ही पूर्ण आणि अविकृत मानले, म्हणजे क्रूसावर जो मरतो तो देवाचाच पुत्र आहे, आणि तरीही देवपण ढळत नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने देवाचे वर्णन करताना अविकारी आणि सर्वसमर्थ ही दोन्ही विशेषणे पुन्हा एकत्र ठेवली, ती या दीर्घ अनुभवाच्या बळावर. केवळ अविकारी देव हे निसर्गनियमाचे दुसरे नाव ठरते, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. केवळ सर्वसमर्थ देव हुकूमशहा ठरतो, त्याच्या शब्दाला किंमत नसते. पॅरिसच्या अन्यायी निवाड्याने पहिली चूक रोखली, आणि त्यानंतरच्या शतकाने दुसरी ओळखली. दोन्ही मिळून उरते ती ख्रिस्ती धर्माची मूळ भूमिका: ज्याला वचन मोडण्यापासून बाहेरचे कोणीही अडवू शकत नाही, तो आपल्या स्वभावामुळेच ते मोडत नाही. सामर्थ्याची याहून मोठी कल्पना मला सुचत नाही.